हरणांसाठी पेरणी कधी करायची?

आपल्याकडे शेतकरी आणि हरीण यांचा संबंध येतो तो राखणीपुरता. ज्वारी-हरभऱ्याच्या शेतात माळा घालायचा, रात्री डबे बडवायचे, बुजगावणी उभी करायची. एवढे करूनही सकाळी बांधालगतच्या ओळी काळविटांनी खुडलेल्या दिसतातच. अशा शेतकऱ्याला कोणी सांगितले, की जगात एके ठिकाणी लोक जमीन नांगरून, खत घालून, विकतचे बी आणून केवळ हरणांनी खावे म्हणून पेरणी करतात, तर तो सांगणाऱ्याकडे जरा संशयानेच पाहील.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मात्र ही नेहमीची गोष्ट आहे. जंगलाच्या कडेला अर्ध्या-एक एकराचा तुकडा साफ करायचा आणि उन्हाळा संपता संपता त्यात गहू, ओट, राय, सलगम किंवा क्लोव्हरचा घास पेरायचा. शरद ऋतूत शिकारीचा परवाना-हंगाम सुरू झाला की पांढऱ्या शेपटीची हरणे तिथे चरायला येतात आणि शिकारी दबा धरून बसतो. या तुकड्याला तिकडे ‘फूड प्लॉट’ म्हणतात. आपण चारापट्टी म्हणू. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीची वाट बंद झाली. चारापट्टीची रीत बरी की वाईट, याबद्दल वाचकाचे जे मत असेल ते असो. (माझे फारसे अनुकूल नाही.) पण ही पट्टी पेरणाऱ्याला दरवर्षी एक प्रश्न पडतो, ‘पेरायचे कधी?’ आणि या प्रश्नाच्या उत्तरामागे दोनशे वर्षांचे विज्ञान उभे आहे. त्यात एक माशी आहे, एक तंबाखू आहे, सोयाबीन आहे, आणि खुद्द हरीणही आहे.

आधी प्रश्नच नीट समजून घेऊ. गाईचे पोट मोठे असते. वाळलेला, चोथट चाराही ती रवंथ करून पचवते. या हरणाचे पोट त्या मानाने लहान. त्याला थोडे पण सत्त्वयुक्त अन्न लागते, म्हणून ते चोखंदळपणे कोवळी पाने, अंकुर, फळे खुडत हिंडते. गहू फार लवकर पेरला तर हंगामापर्यंत तो वाढून राठ होतो. फार उशिरा पेरला तर मुळे जमिनीत धरण्यापूर्वीच हरणे रोपे उपटून टाकतात, आणि थंडीने वाढही थांबते. शिकाऱ्याला गहू वीतभर, हिरवा आणि कोवळा हवा असतो. तोही कधी? उत्तरेकडच्या राज्यांत साधारण नोव्हेंबरच्या मध्याला. कारण तेव्हा या हरणांचा माजाचा काळ असतो. एरवी रात्रीच बाहेर पडणारे सावध नर तेव्हा भर दिवसा माद्यांच्या मागे फिरतात. खरे तर त्या दिवसांत नर खातात थोडेच. पट्टीवर येतात त्या माद्या, आणि त्यांच्या मागोमाग नर येतो.

म्हणजे पेरणीची तारीख उलटी मोजायची. नोव्हेंबरच्या मध्यापासून पाच-सहा आठवडे मागे गेले की गव्हाची तारीख निघाली. सलगमासारख्या पिकाला दोन ते तीन महिने लागतात, तेव्हा ते जुलैअखेर किंवा ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात पडले पाहिजे. शिवाय जमिनीत वापसा हवा. गणित सोपे वाटते, पण त्यात दोन गोष्टी गृहीत धरल्या आहेत: हरणांचा माज दरवर्षी त्याच दिवसांत येतो, आणि पेरलेले पीक मधल्या काळात सुखरूप राहते. पहिली गोष्ट बऱ्याच अंशी खरी आहे. दुसरी नाही.

चारापट्टीची प्रथा फार जुनी नाही, आणि त्याला कारण आहे. एकोणिसाव्या शतकात बाजारासाठी झालेल्या बेसुमार शिकारीने आणि जंगलतोडीने ही हरणे जवळजवळ संपत आली होती. १९०० च्या सुमारास सगळ्या देशात ती पाच लाखांहूनही कमी उरली असावीत, असा अंदाज आहे. मग कायदे झाले. १९३३ साली आल्डो लिओपोल्ड यांचा ‘गेम मॅनेजमेंट’ हा ग्रंथ निघाला. रानातले प्राणी हेही जमिनीचे एक पीक आहे आणि जमीन नीट सांभाळली तर ते दरवर्षी येत राहील, असा विचार त्यांनी मांडला. १९३७ साली बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचे उत्पन्न वन्यजीवांच्या कामासाठी राज्यांना देणारा पिटमन-रॉबर्टसन कायदा झाला. एका राज्यातली हरणे पकडून दुसऱ्या राज्यात सोडण्याचे काम पुढे कित्येक वर्षे चालले. आज या हरणांची संख्या तीन कोटींच्या आसपास सांगितली जाते. काही ठिकाणी ती इतकी झाली आहेत, की जंगलातली कोवळी झाडे वर येऊ देत नाहीत. केवळ ‘हरीण मिळावे’ ही इच्छा मागे पडून ‘चांगले पोसलेले हरीण मिळावे’ ही हौस वाढली ती १९७० नंतर, आणि चारापट्ट्यांचा खरा सुकाळ झाला १९८० च्या दशकापासून पुढे. शरदातल्या पेरणीच्या तारखेचा अभ्यास मात्र त्याच्या कितीतरी आधी झाला होता, आणि तो हरणासाठी नव्हता.

माशी चुकवणारी तारीख

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात इंग्लंडने जर्मनीतल्या हेसे प्रांतातले भाडोत्री सैनिक आणले. १७७६ साली ते न्यूयॉर्कजवळच्या बेटांवर उतरले. दोन-तीन वर्षांतच लाँग आयलंडवरचा गहू आजारी दिसू लागला. रोपे खुजी, गडद हिरवी, आणि पुढे कांडे मोडून आडवी. तळाशी पान जिथे खोडाला वेढते तिथे सोलून पाहिले की जवसाच्या दाण्यासारखे तपकिरी कोश दिसत. ही माशी सैनिकांच्या घोड्यांच्या गवतातून, अंथरुणातल्या पेंढ्यातून आली, असे लोकांनी ठरवले आणि तिला ‘हेसियन माशी’ म्हणू लागले. न्यू जर्सीतले कर्नल जॉर्ज मॉर्गन यांनी तर हे नाव आपण आणि आपल्या एका मित्राने मुद्दाम दिल्याचे लिहून ठेवले आहे. त्यांना माशी आणि ते सैनिक, दोन्ही सारखेच अप्रिय होते! माशी खरोखर त्यांच्याच पेंढ्यातून आली का, याचा पक्का पुरावा नाही. नाव मात्र कायम चिकटले. १८१७ साली थॉमस से यांनी तिचे शास्त्रीय नामकरण केले, तेव्हा जातिनामासाठी ‘नाश करणारी’ अशा अर्थाचा शब्द निवडला.

या डासाएवढ्या माशीने राजकारणातही खळबळ माजवली. १७८८ साली सर जोसेफ बँक्स यांच्या सल्ल्यावरून ब्रिटनने अमेरिकी गव्हाच्या आयातीवर बंदी घातली. वास्तविक ही माशी दाण्यात राहतच नाही, ती राहते धाटात. पण तेव्हा तिचे जीवनचक्र नीट माहीत नव्हते. १७९१ साली अमेरिकन फिलॉसॉफिकल सोसायटीने माशीच्या अभ्यासासाठी समिती नेमली. तिचे प्रमुख होते थॉमस जेफरसन, म्हणजे देशाचे तत्कालीन परराष्ट्रमंत्री. त्याच वर्षी जेम्स मॅडिसन यांच्याबरोबर उत्तरेकडच्या राज्यांत फिरताना ते ठिकठिकाणच्या शेतकऱ्यांना माशीबद्दल विचारत आणि टिपणे काढत. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेली दोन माणसे बांधावर उभी राहून माशीची चौकशी करीत आहेत, हे दृश्य मला मोठे आवडते.

शेतकऱ्यांनी तोपर्यंत दोन उपाय स्वतःच शोधले होते. एक, माशीला न जुमानणारा गहू. लाँग आयलंडवरच्या अंडरहिल या शेतकऱ्याच्या नावाने ओळखली जाणारी जात १७८० च्या दशकात त्यासाठी प्रसिद्ध झाली होती. दुसरा उपाय, उशिरा पेरणी. या उपायाचे कारण माशीच्या आयुष्यात आहे. उन्हाळाभर ती कोशात पडून असते. उन्हाळा सरताना बाहेर येते आणि जेमतेम दोन-चार दिवस जगते. तेवढ्या वेळात मादीला कोवळ्या गव्हाच्या पानावर अंडी घालायची असतात. अंड्यातून निघालेली अळी पानावरून खाली सरकते, तळाशी जाऊन बसते, रस शोषते आणि कोश करून हिवाळा काढते. वसंतात पुढची पिढी निघते. आता समजा, शरदातल्या माश्या उडाल्या, पण शेतात गहू उगवलेलाच नाही. माशी अंडी घालायला जागा न मिळता मरते. गहू त्यानंतर उगवला की निर्धास्त.

पण ‘उशिरा’ म्हणजे नेमके कधी? फार उशीर झाला तर रोपाला फुटवे येण्याआधीच बर्फ पडते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ओहायोमध्ये एफ. एम. वेब्स्टर आणि वेस्ट व्हर्जिनियात अँड्र्यू डेल्मर हॉपकिन्स या कीटकशास्त्रज्ञांनी या प्रश्नाचा पाठपुरावा केला. पद्धत कोणत्याही शाळेच्या बागेत करता येईल इतकी साधी: थोड्या थोड्या दिवसांच्या अंतराने गव्हाचे वाफे पेरायचे आणि कोणत्या तारखेपासून पुढच्या वाफ्यात अळी सापडत नाही ते पाहायचे. त्या तारखेला ‘माशीमुक्त तारीख’ हे नाव पडले.

हॉपकिन्स (१८५७–१९४८) हे शेतकरी कुटुंबातले, बरेचसे स्वतःच शिकलेले गृहस्थ. वेस्ट व्हर्जिनिया डोंगराळ आहे. तिथे त्यांच्या लक्षात आले, की दरीतली तारीख डोंगरावर चालत नाही. जसजसे वर जावे तसतशी ती अलीकडे येते. म्हणजे एका राज्याला एक तारीख देणे चुकीचे. त्यांनी माश्यांबरोबर झाडांची पालवी, फुलोरा, पिकांची कापणी अशा शेकडो नोंदी जमवल्या आणि १९१८ साली ‘मंथली वेदर रिव्ह्यू’ या नियतकालिकाच्या पुरवणीत आपला नियम मांडला. उत्तर अमेरिकेच्या समशीतोष्ण भागात वसंतातली कोणतीही घटना उत्तरेकडे एक अक्षांश गेले, किंवा पूर्वेकडे पाच रेखांश गेले, किंवा ४०० फूट वर चढले, की सरासरी चार दिवस उशिरा घडते. शरदात याच्या उलट, म्हणजे चार दिवस आधी.

हा नियम पडताळून पाहायला फार दूर जायला नको. ओहायो राज्याची माशीमुक्त तारीख दक्षिण टोकाला ५ ऑक्टोबर आणि उत्तर टोकाला २२ सप्टेंबर अशी छापलेली असते. फरक १३ दिवसांचा. नकाशात पाहिले तर या दोन टोकांत साधारण सव्वातीन अक्षांशांचे अंतर आहे. सव्वातीन गुणिले चार, तेरा! वर्गात नकाशा आणि हे दोनच आकडे देऊन मुलांना मधल्या गावाची तारीख काढायला सांगावी. भूगोलाच्या तासाला त्यांना इतके रोकडे काम क्वचितच मिळते. आपल्याकडे मात्र हा नियम लावू नये. आपली खरिपाची पेरणी पावसावर ठरते, आणि रब्बी गव्हाची अडचण पेरणीच्या वेळच्या माशीची नसून दाणा भरताना मार्चमध्ये पडणाऱ्या उन्हाची असते.

दुसरे घड्याळ

१९१८ हे साल मोठे विलक्षण म्हणायचे. हॉपकिन्सचा निबंध निघाला त्याच वर्षी जर्मनीत गुस्ताव्ह गास्नर यांनी दाखवले, की हिवाळी धान्याला रोपावस्थेत थंडी मिळाल्याशिवाय त्याला कणीस येत नाही. (या क्रियेला पुढे वासंतीकरण म्हणू लागले. शरदात पेरलेला हिवाळी गहू महिनोन् महिने गवतासारखा कोवळा राहतो, उंच होत नाही, याचे कारण हेच. चारापट्टीत त्याला मान आहे तो यामुळे.) आणि त्याच वर्षीच्या जुलैत अमेरिकेच्या शेती खात्याच्या आर्लिंग्टन फार्मवर, आज जिथे पेंटॅगॉनची इमारत उभी आहे त्या परिसरात, दोन माणसे काही कुंड्या एका अंधाऱ्या खोपटात ठेवत होती.

ही माणसे म्हणजे डब्ल्यू. डब्ल्यू. गार्नर आणि एच. ए. अॅलर्ड. त्यांच्यापुढे दोन कोडी होती. ‘मेरीलँड मॅमथ’ नावाची तंबाखूची एक जात उन्हाळाभर माणसाच्या दुप्पट उंच वाढे, पण शेतात फुलतच नसे. तीच रोपे काचघरात नेली की ऐन हिवाळ्यात फुलत. दुसरे कोडे सोयाबीनचे. ‘बिलॉक्सी’ ही गरवी जात त्यांनी वसंतापासून उन्हाळ्यापर्यंत थोड्या थोड्या दिवसांनी पेरली. अपेक्षा अशी, की आधी पेरलेले आधी फुलेल. पण महिना-दीड महिना अलीकडे-पलीकडे पेरलेली रोपेही सप्टेंबरात जवळजवळ एकदमच फुलू लागली. जणू त्यांना पेरणीच्या तारखेशी देणेघेणे नव्हते. त्यांचे लक्ष दुसऱ्याच एखाद्या तारखेकडे होते.

तापमान, पाणी, खत, उजेडाची प्रखरता असे एकेक कारण बाद करत दोघे शेवटी दिवसाच्या लांबीपाशी आले. कुंड्या दुपारी चारला अंधारात न्यायच्या आणि सकाळी नऊला बाहेर काढायच्या, म्हणजे उन्हाळ्यातच सात तासांचा दिवस! सोयाबीन आणि तंबाखू दोन्ही भर उन्हाळ्यात फुलली. १९२० साली हे प्रसिद्ध झाले. वनस्पतीच्या या गुणाला आपल्याकडे दीप्तिकालिता म्हणतात. पुढे १९३८ साली हॅमनर आणि बॉनर यांनी दाखवले, की वनस्पती खरे तर दिवस मोजत नाही, सलग रात्र मोजते. आपल्या शेवंतीच्या बागांत रात्री दिवे लावून फुलोरा लांबवतात, ते याच तत्त्वावर.

येथे दोन घड्याळांतला फरक स्पष्ट होतो. हॉपकिन्सचे घड्याळ उबेवर चालते. एखादे वर्ष गरम असले की ते मागेपुढे होते. गार्नर-अॅलर्डचे घड्याळ सूर्यावर चालते; ते कधीच चुकत नाही.

हरीण कोणत्या घड्याळावर चालते? त्याची शिंगे दरवर्षी गळतात आणि नवी येतात. शिंगे पक्की झाली की नर माजावर येतो. हे सगळे थंडीमुळे होते असा शिकाऱ्यांचा जुना समज, आणि ‘यंदा थंडी लांबली, माजही लांबला’ असे आजही तिथे ऐकू येते. पण एक मोठा पुरावा एकोणिसाव्या शतकापासून समोर होता. युरोपातले तांबडे हरीण न्यूझीलंडला नेऊन सोडले. युरोपात त्याचा माज सप्टेंबर-ऑक्टोबरात. न्यूझीलंडमध्ये तो मार्च-एप्रिलवर गेला. महिने बदलले, पण दिवस लहान होत जाण्याचा काळ तोच राहिला. १९६० च्या दशकात ब्राऊन विद्यापीठातले रिचर्ड गॉस यांनी सिका हरणांना कृत्रिम उजेडात ठेवले आणि दिव्यांच्या साहाय्याने वर्ष सहा महिन्यांत गुंडाळले. हरणांनी वर्षातून दोनदा शिंगे टाकली आणि दोनदा उगवली! रोज बारा तास उजेड आणि बारा तास अंधार असे कायम ठेवल्यावर शिंगांची फेरबदल थांबली. रात्रीची लांबी शरीराला कळवण्याचे काम मेंदूतली पिनिअल ग्रंथी मेलाटोनिन या संप्रेरकाद्वारे करते. हा पदार्थ १९५८ साली येल विद्यापीठात एरन लर्नर यांनी वेगळा केला होता.

मादीचा गर्भकाळ सुमारे २०० दिवसांचा. नोव्हेंबरच्या मध्याला गाभण राहिलेली मादी मेअखेर-जूनच्या सुरुवातीला विते, म्हणजे पाडसाला ताजी पालवी मिळते आणि पुढच्या बर्फापूर्वी वाढायला सगळा उन्हाळा मिळतो. जिथे हिवाळा कडक, तिथे हे वेळापत्रक कडक. ४० अंश अक्षांशावरच्या कोलंबस शहरी वर्षातला सर्वांत मोठा दिवस सुमारे पंधरा तासांचा आणि सर्वांत लहान सव्वानऊ तासांच्या किंचित वर; पुण्यात हा फरक जेमतेम सव्वादोन तासांचा. विषुववृत्ताकडे जावे तसे सूर्याचे घड्याळ पुसट होते आणि त्याला पाळण्याची गरजही कमी होते. आपल्या चितळांची पाडसे वर्षाच्या कोणत्याही महिन्यात दिसू शकतात, ती यामुळे.

अमेरिकेच्या दक्षिण भागातही हे शैथिल्य दिसते, आणि त्यात माणसाने आणखी भर घातली आहे. अलाबामा राज्यात बहुतेक ठिकाणी माज जानेवारीत येतो. पण तिथल्या बँकहेड राष्ट्रीय वनात एके काळी मिशिगनमधून हरणे आणून सोडली होती. त्यांचे वंशज अजून उत्तरेच्या सवयीने नोव्हेंबरात माजावर येतात. तोच उजेड, तीच हवा, पण उजेड वाचण्याची रीत रक्तातून आलेली. तेव्हा एकाच राज्यातल्या दोन शिकाऱ्यांची उलटी मोजणी दोन वेगळ्या तारखांपासून सुरू होते.

शेजारच्याचा गहू

आता सुरुवातीच्या गणिताकडे येऊ. पट्टी पेरणाऱ्याला तारीख मिळते ती हरणाकडून, म्हणजे सूर्याकडून. पिकाचे शत्रू मात्र उबेच्या घड्याळावर चालतात. तिरंदाजीने शिकार करणाऱ्यांचा हंगाम बहुतेक ठिकाणी बंदुकीच्या आधी, सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरातच सुरू होतो. मग पेरणीची घाई होते आणि गहू ऑगस्टअखेरीसच जमिनीत पडतो.

दक्षिणेत अशा घाईचा समाचार घेते लष्करी अळी. आपल्या मका उत्पादकांना तिची ओळख २०१८ पासून झाली. त्या वर्षी ती भारतात प्रथम कर्नाटकात सापडली आणि मग महाराष्ट्रात पसरली. मूळची ती अमेरिकेची. जॉर्जियातल्या नमुन्यांवरून १७९७ सालीच तिचे नामकरण झाले. तिला थंडीत झोपून राहणे जमत नाही. त्यामुळे संयुक्त संस्थानांत ती हिवाळा काढते फक्त फ्लोरिडा आणि टेक्सासच्या दक्षिण टोकांना, आणि दरवर्षी पतंग वाऱ्याबरोबर उत्तरेकडे सरकत शरदापर्यंत वर पोचतात. तिच्या इंग्रजी नावात शरद ऋतू आहे तो म्हणूनच. ऑगस्ट-सप्टेंबरात उगवलेली कोवळी पट्टी ती दोन-तीन रात्रींत फस्त करते. तिला थांबवतो तो पहिला कडाका, म्हणजे रात्री दव गोठून पानांवर बर्फ धरते तो दिवस.

हे नुकसान निदान पेरणाऱ्याचे स्वतःचे असते. हेसियन माशीचे तसे नाही. ऑगस्टात पेरलेला गहू म्हणजे माशीला आयते पाळणाघर. हरणासाठीच्या गव्हात काही रोपे पिवळी पडली, खुजी राहिली, तर शिकाऱ्याचे काहीच बिघडत नाही. त्याला कापणी करायची नसते. तो तिकडे बघतही नाही. पण त्या पट्टीत माशीची पिढी हिवाळा काढते आणि वसंतात वाऱ्याबरोबर शेजारच्या शेतात उतरते. तारीख पाळून, थांबून पेरणाऱ्या शेतकऱ्याचा गहू मग कणसाच्या भाराने कांड्यात मोडतो. उशिरा पेरणीचा उपाय सगळ्यांनी मिळून पाळला तरच चालतो, हे अठराव्या शतकातल्या शेतकऱ्यांना अनुभवाने ठाऊक होते. मधल्या काळात माशीला दाद न देणाऱ्या जाती आल्या आणि लोक ते विसरले. पण कोणतीही जात फार वर्षे टिकत नाही. माशीत नवे वंश निपजतात. अशा वेळी तारीखच पुन्हा कामाला येते, आणि नेमकी तीच पट्टीवाल्याकडून मोडली जाते.

दक्षिण किनाऱ्यालगतच्या सखल प्रदेशात तर माशीमुक्त तारीख अशी नाहीच. तिथला हिवाळा इतका सौम्य, की माशीची पिढी एका कडाक्यात संपत नाही. तिथले विस्तार कार्यकर्ते म्हणूनच शिकाऱ्यांना तारीख न सांगता पीक बदलायला सांगतात. ओटवर ही माशी वाढत नाही, रायवर फारच कमी. हरणे दोन्ही आवडीने खातात. मग गहूच कशाला? या सल्ल्यात कोणाचेच नुकसान नाही, तरी तो पाळला जातोच असे नाही. गव्हाचे बी कुठेही मिळते.

उत्तरेतही जुन्या तारखा ढिल्या होत आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून आजपर्यंत संयुक्त संस्थानांतला कडाक्याविना जाणारा काळ सरासरी दोन आठवड्यांहून अधिक वाढला आहे. कॅन्सस राज्यात या माशीचे कामगंध सापळे लावून पाहिले, तेव्हा छापील तारीख उलटून गेल्यावरही माश्या उडताना सापडल्या. तिथल्या शेतीतज्ज्ञांनी मग ‘माशीमुक्त’ हा शब्दच सोडून ‘कीड-व्यवस्थापनाच्या दृष्टीने उत्तम पेरणीची तारीख’ असा लांबलचक पण खरा शब्दप्रयोग घेतला. हरणांचा माज मात्र जागचा हललेला नाही. गव्हाची सुरक्षित तारीख पुढे पुढे सरकते आहे, नोव्हेंबरचा मध्य तिथेच आहे, आणि उलटी मोजणी करणाऱ्याच्या हातात राहणारे दिवस कमी होत आहेत.